पळून पळून अंग झडतं का?

तुमच्या सोसायटीत, ऑफिसात किंवा थेट घरातच असं एक माणूस नक्की असेल, जे रविवारी पहाटे चारला उठतं, अंधारातच बुटांच्या नाड्या बांधतं आणि दोन-तीन तास पळून घामाघूम होऊन परत येतं. आणि त्या माणसाच्या मागे घरातलं कुणीतरी वडीलधारं हमखास म्हणत असतं, "एवढं पळू नये रे. अंगावरचं मांस झडतं."

आमच्याकडे हे वाक्य माझी आई म्हणते. ती नाशिकला असते, आम्ही बडोद्याला. मी गेली आठ वर्षं पळते आहे आणि माझा नवरा माझ्या आधीपासून. व्हिडिओ कॉल लागला की आई आधी चेहरा बघते, मग बोलते. "गाल बसलेत तुझे. पळणं बंद कर आणि दोन घास जास्त खा." त्यातला दुसरा सल्ला किती मोलाचा आहे, ते पुढे सांगतेच. पहिल्याबद्दल मात्र मी तिच्याशी नेहमी वाद घालते.

मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे आईचं वाक्य मला परीक्षेतल्या प्रश्नासारखं वाटतं : दीर्घकाळ आणि जोरकस व्यायाम केल्यावर शरीरातल्या प्रथिनांचं काय होतं? ती खरंच जळतात का? जळत असतील तर कुठली, किती आणि मग भरून कशी निघतात? तुम्ही पळत असाल, सायकलवर शंभर किलोमीटर जात असाल, किंवा घरात अशा माणसाला जेवू घालत असाल, तर हे उत्तर तुमच्या उपयोगाचं आहे.

आईचं म्हणणं एका मोठ्या शास्त्रज्ञाचंही होतं

गंमत अशी, की आईसारखंच मत एकेकाळी युरोपातल्या एका मोठ्या रसायनशास्त्रज्ञाचं होतं. जर्मनीचे जस्टस फॉन लीबिग यांनी १८४२ च्या सुमारास मांडलं की, स्नायू काम करतात ते स्वतःतलं प्रथिन खर्चून. म्हणजे जितकं जास्त काम, तितका स्नायूंचा जास्त ऱ्हास. त्यांच्या नावाचा दबदबा एवढा होता की बराच काळ लोकांनी ते खरं मानलं.

१८६५ च्या ऑगस्ट महिन्यात झुरिकमधल्या अ‍ॅडॉल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनस या दोन प्राध्यापकांनी हे तपासायचं ठरवलं. स्वित्झर्लंडमध्ये फाउलहॉर्न नावाचा डोंगर आहे. तळ्याकाठच्या गावातून ते दोघे तो डोंगर चढले. चढ जवळजवळ दोन हजार मीटरचा. आदल्या दिवशी दुपारपासून त्यांनी प्रथिन असलेलं काहीच खाल्लं नव्हतं. फक्त पिठाच्या स्टार्चच्या तळलेल्या वड्या, आणि साखर घातलेला चहा वगैरे. वाटेत आणि वर पोचल्यावर त्यांनी आपापली लघवी जमवली आणि तिच्यातला नायट्रोजन मोजला. प्रथिन मोडलं की त्यातला नायट्रोजन मुख्यतः युरियाच्या रूपाने लघवीतून बाहेर पडतो. त्यावरून किती प्रथिन मोडलं याचा हिशेब लागतो.

हिशेब निघाला तो प्रत्येकी सुमारे ३७ ग्रॅम. पुढच्या वर्षी एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने प्रथिनातून किती ऊर्जा मिळते ते मोजलं आणि मग चित्र स्पष्ट झालं. ३७ ग्रॅम प्रथिनातली सगळीच्या सगळी ऊर्जा चढण्याकडे वळवली, तरी ती जेमतेम अर्ध्या डोंगराला पुरली असती. आणि आपले स्नायू काही इतके काटकसरी नाहीत. मिळालेल्या ऊर्जेतली साधारण पाव ऊर्जा कामी येते, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे ते दोघे डोंगर चढले ते मुख्यतः पिष्ट आणि चरबीच्या जोरावर. स्नायू हे इंजिन आहे, इंधन नव्हे.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण ३७ ग्रॅम गेलंच ना?" आई शाळेत गणित शिकवायची. तिचा मुद्दा बरोबर आहे. गेलंच. मग ते कुठून गेलं, ते बघू.

रोज पाडायचं, रोज बांधायचं

त्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. तुम्ही दिवसभर सोफ्यावर बसून राहिलात, तरी तुमच्या शरीरातली प्रथिनं मोडतच असतात. साधारण वजनाच्या माणसाच्या अंगात दहा-अकरा किलो प्रथिन असतं. त्यातलं जवळपास अर्धं स्नायूंमध्ये, उरलेलं त्वचा, हाडं, रक्त, यकृत, आतडी अशा सगळ्या ठिकाणी. यातलं अडीचशे ते तीनशे ग्रॅम रोज मोडलं जातं आणि जवळजवळ तेवढंच नव्याने बांधलं जातं. आपण जेवणातून खातो ते पन्नास-साठ ग्रॅम. म्हणजे बाकीचं सगळं जुन्या विटा काढून पुन्हा वापरण्यावर चालतं.

जुन्या वाड्याची डागडुजी बघितली असेल, तर हे लगेच कळेल. एका बाजूची भिंत उतरवतात, चांगल्या विटा बाजूला काढतात, त्याच विटा दुसरीकडे लावतात. थोड्या फुटतात, तेवढ्या बाजारातून आणायच्या. या विटा म्हणजे अमिनो आम्लं. सगळ्या भिंती सारख्या वेगाने बदलत नाहीत. आतड्याचं आतलं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. यकृताचं कामही झपाट्याने चालतं. स्नायूंचं सावकाश, आणि सांध्याजवळच्या स्नायुबंधांचं तर फारच सावकाश.

तेव्हा "पळताना प्रथिन मोडतं का?" हा प्रश्न पुरेसा नाही. मोडतंच. विचारायचं ते असं : दिवसाअखेर मोडणं जास्त झालं की बांधणं?

पळत असताना

पळायला लागल्यावर पेशी आधी एक काम करते. ती बांधकाम थांबवते. प्रथिन बांधायला खूप ऊर्जा लागते. पेशीत ऊर्जा कमी पडतेय असं दिसलं की तिथला एक मापक जागा होतो. त्याला शास्त्रात एएमपीके म्हणतात. तो बांधकामाच्या मुकादमाला, म्हणजे एमटॉर नावाच्या यंत्रणेला, गप्प बसवतो. घरात पाहुणे आले की रंगकाम थांबवून सगळे स्वयंपाकघरात धावतात, तसंच. जोरात आणि दीर्घकाळ पळताना स्नायूंतलं बांधकाम असं मंदावतं आणि मोडतोडीचं पारडं जड होतं.

मोडलेल्या प्रथिनातली ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं स्नायू स्वतःच जाळू शकतात. पण त्यांच्यातला नायट्रोजन मागे राहतो आणि तो साठून चालत नाही. म्हणून स्नायू तो अ‍ॅलानिन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लावर लादून रक्तातून यकृताकडे पाठवतात. यकृत त्यातला नायट्रोजन काढून युरिया करतं आणि उरलेल्या सांगाड्यापासून नवं ग्लुकोज तयार करून परत स्नायूंकडे धाडतं. मुंबईच्या डबेवाल्यांसारखी ही ने-आण आहे. फरक एवढाच की परतीचा डबाही रिकामा नसतो.

हे सगळं किती प्रमाणात होतं? सर्वसाधारणपणे लांब पळण्यात लागणाऱ्या ऊर्जेपैकी पाच टक्क्यांच्या आसपास प्रथिनांतून येते. माझ्या नवऱ्याचं वजन ६८ किलो. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. पळायला दर किलोला, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते, म्हणजे एकूण २,८५० च्या आसपास. त्याचे पाच टक्के म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम प्रथिन. दीडशे ग्रॅम तूरडाळीत असतं तेवढं.

पण हा आकडा ठरलेला नाही, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची गोम इथेच आहे. १९८० साली लेमन आणि मुलिन या संशोधकांनी काही जणांना एक तास सायकल चालवायला लावली. एकदा पोटभर पिष्टमय आहार देऊन, तर एकदा अंगातला साठा आधीच संपवून. साठा भरलेला होता तेव्हा प्रथिनांचा वाटा साडेचार टक्क्यांच्या आसपास राहिला. साठा रिकामा होता तेव्हा तो दहा टक्क्यांवर गेला. माणसं तीच, काम तेच. फरक फक्त आधी खाल्लेल्या अन्नाचा.

यकृत आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजन हे आपलं पटकन हाताशी येणारं इंधन. ते बेताचं असतं, साधारण दोन हजार कॅलरींच्या आसपास. मॅरेथॉनमध्ये तिशीच्या किलोमीटरनंतर पाय दगडासारखे जड होतात, त्याचं मोठं कारण हेच. साठा आटत आला की शरीर प्रथिनांकडे जास्त वळतं. चुलीला लाकूडफाटा संपला की माणूस खुर्च्या मोडायला घेतो, तसं.

याच वेळी आतड्यांचीही ओढाताण होते. रक्त पायांकडे आणि कातडीकडे धावतं, पोटाकडचा पुरवठा फार कमी होतो. भरपूर उन्हात, पाणी कमी पीत, जोर लावून पळणाऱ्यांना मळमळ आणि जुलाब होतात ते यामुळे. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी दुखावतात आणि त्यांच्यातली प्रथिनं रक्तात उतरतात. अस्तर लवकर नवं होत असल्याने बहुतेकांची ही दुखापत लवकर भरते. पण पळून आल्या आल्या पोटभर मसालेदार जेवण का जात नाही, हे मात्र यावरून कळतं.

मंगळवारचा रिपोर्ट

दोन वर्षांपूर्वी नवरा मुंबई मॅरेथॉन पळून आला. जानेवारीचा रविवार. पेडर रोडचा चढ-उतार त्याने छान पार केला, पदक घेतलं, रात्रीच्या गाडीने बडोद्याला परतला. मंगळवारी त्याच्या ऑफिसची वार्षिक तपासणी आधीपासून ठरलेली होती. बुधवारी रिपोर्ट आला आणि घरात शांतता पसरली. यकृताच्या तपासणीतलं एसजीओटी ९८. चाळीसच्या आत हवं होतं. एसजीपीटीसुद्धा वाढलेलं. लघवीत प्रथिनाचा अंश. सासूबाईंनी लगेच विचारलं, "लिव्हरचं काही आहे का गं?" दारूला कधी हात न लावलेल्या माणसाला!

आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "रविवारी काय केलंत?" मग त्यांनी आणखी दोन तपासण्या सांगितल्या. यकृत आणि पित्तमार्गाशी निगडित असलेलं जीजीटी अगदी ठीक निघालं. पण क्रिएटिन कायनेज, ज्याला सीके म्हणतात, ते आलं २,४००. एरवी ते दोनशेच्या आसपास किंवा खाली असतं.

काय झालं होतं? एसजीओटी हे एंझाइम फक्त यकृतात नसतं, स्नायूंतही भरपूर असतं. लांब पळताना, विशेषतः उतारावर, पाय जमिनीवर पडतो तेव्हा मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो. त्यात काही तंतूंच्या बारीक पडद्यांना चिरा जातात आणि आतली प्रथिनं रक्तात झिरपतात. सीके, एसजीओटी, मायोग्लोबिन ही ती प्रथिनं. साधारण दुसऱ्या दिवसाच्या सुमारास सीके सर्वात वर असतं आणि मग आठवड्याभरात उतरत जातं. लघवीतलं प्रथिनही असंच. जोरकस व्यायामानंतर मूत्रपिंडाची गाळणी थोडा वेळ सैल पडते आणि एक-दोन दिवसांत पूर्ववत होते. पंधरा दिवसांनी, मधे न पळता, पुन्हा तपासलं तेव्हा सगळे आकडे जागेवर होते. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

हृदयाच्या बाबतीतही असं घडतं. मॅरेथॉननंतर बऱ्याच जणांच्या रक्तात ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन वाढलेलं दिसतं आणि ते बहुधा एक ते तीन दिवसांत खाली येतं. पण म्हणून छातीत दुखलं, चक्कर आली किंवा धाप ओसरेना, तर "पळल्यामुळेच असेल" म्हणून घरी बसायचं नाही. दवाखाना गाठायचा.

दुसरं धोक्याचं लक्षण लक्षात ठेवा. पळल्यानंतर लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी झाली, स्नायू कमालीचे दुखू लागले, सुजले, ताकद गेली, तर तो साधा थकवा नसतो. स्नायूंतलं मायोग्लोबिन मोठ्या प्रमाणात बाहेर पडलं की मूत्रपिंडावर संकट येतं. अशा वेळी तातडीने रुग्णालयात जायचं. याच कारणासाठी लांब पळण्याच्या आधी किंवा मधे आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेणं टाळावं. आधीच ताणलेल्या मूत्रपिंडावर त्या आणखी भार टाकतात.

आणि रक्ततपासणी करायची असेल तर मोठ्या पळण्यानंतर किमान आठवडा जाऊ द्या. लवकर करावीच लागली, तर डॉक्टरांना पळाल्याचं आधी सांगा. निम्मी धास्ती तिथेच मिटते.

घरी आल्यावर सुरू होतं ते बांधकाम

आता आईला न दिसणारी बाजू. पळणं थांबलं, पोटात अन्न गेलं की दाबून ठेवलेलं बांधकाम जोमाने सुरू होतं आणि एक-दोन दिवस वाढलेल्या वेगाने चालतं. नुसती जुनी भिंत परत उभी राहते असंही नाही. नकाशाच बदलतो.

वजनं उचलणाऱ्याच्या स्नायूत आकुंचन पावणारे तंतू जाड होतात. लांब पळणाऱ्याच्या स्नायूत मायटोकाँड्रिया वाढतात. प्राणवायू वापरून इंधनाची ऊर्जा करणाऱ्या या पेशीतल्या भट्ट्या. १९६७ साली अमेरिकेत जॉन होलोझी यांनी उंदरांना बारा आठवडे ट्रेडमिलवर पळवलं आणि त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकाँड्रियाची क्षमता जवळजवळ दुप्पट झाल्याचं दाखवलं. व्यायामशास्त्रातला हा एक पायाचा दगड मानला जातो. या भट्ट्यांची यंत्रसामग्री म्हणजे प्रथिनंच. म्हणजे पळणाऱ्याचे पाय जाड दिसत नाहीत, पण आत नवं, कामाचं प्रथिन भरलेलं असतं. भट्ट्या वाढल्या की चरबी जास्त जळते, ग्लायकोजन पुरवून वापरलं जातं आणि त्यामुळे स्नायूंतलं प्रथिनही वाचतं. पळण्याचा सराव असलेलं शरीर नवख्यापेक्षा जास्त जपून खर्च करतं.

रक्तातही बदल होतो. यकृत अल्ब्युमिन हे प्रथिन जास्त बनवतं, त्यासोबत पाणी धरून राहतं आणि रक्तातला द्रवाचा भाग वाढतो. उन्हात घाम गाळायला आणि हृदयाला दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायला त्याची मदत होते.

सगळ्यात हळू चालतं ते स्नायुबंधांचं काम. २०१३ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी एक विलक्षण युक्ती केली. गेल्या शतकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि तो त्या काळात वाढणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात शिरला. टाचेमागच्या जाड स्नायुबंधातला तो कार्बन मोजून त्यांनी दाखवलं, की त्याचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, श्वास पुरायला लागतो, उत्साह वाढतो, पण टाचेमागची दोरी मात्र अजून तीच जुनी असते. म्हणूनच तिच्यावरचा भार हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने वाढवायचा. "दम आहे म्हणून" नव्हे.

आधी कुणाचं ताट?

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिथे येते.

आमच्या रविवारच्या गटात बऱ्याच जणी चाळिशी-पन्नाशीच्या आहेत. त्यातल्या एक ताई फार चांगल्या पळायच्या. पहाटे अर्धा कप चहा घेऊन निघायच्या, अठरा-वीस किलोमीटर करायच्या आणि घरी गेल्या की सगळ्यांचा नाश्ता, मग पूजा, मग स्वयंपाक. स्वतः जेवायच्या साडेअकरा-बाराला. शिवाय आठवड्यात दोन उपवास. वर्षभरात वजन उतरलं, सगळ्यांनी कौतुक केलं. मग नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला. चार महिने घरी बसावं लागलं. आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांच्या खाण्याचा हिशेब मांडला तेव्हा दिवसाचं प्रथिन भरलं जेमतेम ४२ ग्रॅम, आणि एकूण खाणंही खर्चाच्या मानाने फारच अपुरं.

ताईंच्या बाबतीत पळणं हा दोषी नव्हता. उपाशी पळणं आणि पळून आल्यावर उपाशी राबणं, हा होता. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या अवस्थेची मोठी दखल घेतली. व्यायामाच्या मानाने खाणं सतत अपुरं पडलं, की पाळी अनियमित होते, हाडं विरळ होतात, प्रथिनांचं बांधकाम मंदावतं, सारखं आजारपण येतं. हे पुरुषांतही घडतं. पण आपल्या घरांत सगळ्यांना वाढून शेवटी उरेल ते खायची सवय कुणाला आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

मग किती खायचं? आपल्याकडे आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे साध्या प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन रोज पुरतं. नियमित लांब पळणाऱ्याला मात्र साधारण १.२ ते १.६ ग्रॅम, आणि सरावाच्या जोरकस दिवसांत त्याहून थोडं जास्त लागतं. ताईंचं वजन ६० किलो, म्हणजे ७२ ते ९६ ग्रॅम. ४२ आणि ७२ मधलं अंतर तुम्हीच बघा.

हे अंतर भरायला महागड्या डब्यातली पावडर लागतेच असं नाही. आपल्या स्वयंपाकघरातले आकडे ढोबळमानाने असे : तीस ग्रॅम डाळीचं वाटीभर वरण सुमारे ७ ग्रॅम, एक अंडं ६, पेलाभर दूध ६ ते ७, शंभर ग्रॅम पनीर १८ च्या आसपास, मूठभर शेंगदाणे ६. एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅम मिळालं, आणि असं दिवसातून तीन-चार वेळा, तर बांधकामाला विटा कमी पडत नाहीत. पळून आल्यावर मूगडाळीची दोन-तीन धिरडी, वाटीभर दही आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, तर हे गणित जमतं. किंवा दोन अंडी, पोळी आणि पेलाभर दूध. नुसत्या पोह्यांत किंवा साबुदाण्याच्या खिचडीत मात्र ते जमत नाही. पोहे करायचेच असतील तर शेजारी मटकीची उसळ ठेवा. आणि वरण-भात एकत्र खाण्याची आपली रीत शहाणपणाची आहे. तांदळात लायसिन कमी असतं, ते डाळीत असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळात.

पण निव्वळ प्रथिनांच्या मागे लागू नका. वर सांगितलेला सायकलचा प्रयोग आठवा. प्रथिन वाचवायचा सर्वात सोपा उपाय म्हणजे पिष्टमय पदार्थ पुरेसे खाणं. लांब पळायच्या आदल्या रात्री भात, पोळी, बटाटा पोटभर खा. सकाळी निघताना एक केळं किंवा गूळ-पोळीचा तुकडा. दीड तासाहून जास्त पळणार असाल, तर मधेही तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात जाऊ द्या. खजूर, केळी, लिंबू-साखर-मिठाचं पाणी, जे पचेल ते. मधुमेह असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारून. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं आपल्या मनाने वाढवायची नाहीत. आणि एकादशी रविवारी आली, तर त्या दिवशी लांब पळणं पुढे ढकला, नाहीतर उपवास सोडा. दोन्ही एकदम नको.

पन्नाशीनंतर आणखी एक काळजी. वयाप्रमाणे स्नायू तेवढ्याच प्रथिनाला कमी प्रतिसाद देतात. म्हणून आठवड्यातून दोन दिवस उठाबशा, वजनं, जिना असा ताकदीचा व्यायाम हवा, आणि रात्रीची झोप तर हवीच. बांधकामाची पाळी रात्रीही चालू असते.

ताई आता परत पळतात. अंतर कमी केलंय, वेग तोच आहे. त्यांच्या घरात एक बदल झाला. रविवारचा नाश्ता त्यांचे यजमान आणि मुलगा करतात, आणि पहिली गरम धिरडी ताईंच्या ताटात पडतात. सुरुवातीला त्यांना फार अवघडल्यासारखं झालं. आता सवय झाली आहे.

तेव्हा तुमच्या घरात कुणी पळत असेल, तर त्याला "मांस झडेल" म्हणून भीती घालू नका. तो परत आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात त्याच्यासमोर काय वाढलं जातं, तेवढं बघा. आणि पळणारी व्यक्ती घरातली बाई असेल, तर तिला आधी बसवा. बाकीच्यांना दहा मिनिटं थांबता येतं.